शिळा सण

आचारीकाकांनी आयुष्यात जेवढे सण शिजवले तेवढे कुणी साजरे केले नसतील. एक्केचाळीस वर्षं ते मोठ्या सभागृहाच्या मागच्या बाजूला उभे होते, झुलत्या दाराच्या अलीकडे. पलीकडे गाणी, भाषणं, हशा. अलीकडे वाफ, घाम आणि "मीठ कुणी उचललं?" ही आरोळी. पलीकडचा समारंभ त्यांनी कधी पाहिला नाही, फक्त ऐकला. ताटांचा खणखणाट मंदावला आणि माणसांचे आवाज जड झाले की ते टोपी काढून कपाळ पुसायचे. मंडळी पोटभर जेवली, हे त्यांना तेवढ्यावरून कळायचं.

कुणी काही सांगायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "किती पानं?" पान म्हणजे जेवणारं एक माणूस. दोनशे पानं, पाचशे पानं, एकदा तर अडीच हजार. त्याहून कमी माणसांचा हिशेब त्यांच्या डोक्यात शिरायचाच नाही. घरी चौघांसाठी आमटी केली तर ती शेजारच्या तीन घरांत वाटावी लागे. म्हणून काकूंनी लग्नानंतर महिन्याभरातच त्यांना घरच्या शेगडीजवळून हद्दपार केलं होतं.

लोकांचा सण असला की काका घरी नसत, हे उघडच होतं. मुलगा लहान असताना नवे कपडे घालून दारात बसून राहायचा आणि तिथेच झोपी जायचा. काका दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे. हातात एक झाकण लावलेला डबा. डब्यात असायची खरवड, म्हणजे दुधातल्या गोड भाताच्या मोठ्या पातेल्याच्या तळाला लागून उरलेला, खरपूस, तपकिरी सोनेरी रंगाचा थर. तो पाहुण्यांना वाढत नाहीत. काका उलथण्याने तो अलगद सोडवायचे आणि घरी आणायचे. मग अंघोळ न करता, बनियनवरच, तिघं जमिनीवर बसून ती खायची. मुलगा कडेची कुरकुरीत बाजू आधी पळवायचा. खाऊन झालं की काका तिथेच आडवे होऊन घोरायला लागायचे, आणि काकू म्हणायच्या, "झाला आमचा शिळा सण."

नाव पडलं ते पडलंच. मुलगा मोठा झाला, मालट्रक चालवू लागला, महिन्यातले वीस दिवस लांब राहू लागला. त्याचं लग्न झालं, रुग्णालयात परिचारिका असलेली सून आली, मग नात आली. गुडघ्यांनी रजा दिली तेव्हा काकांनी काम सोडलं. तरी सणाच्या दुसऱ्या दिवशी कुणी ना कुणी जुना सहकारी डबा पाठवायचाच. नातीचं घरातलं नाव भिंगरी. ती आता नऊ वर्षांची झाली होती आणि कडेची कुरकुरीत बाजू ती पळवायची.

तर या भिंगरीने एके दिवशी शाळेतून एक छापील कागद आणला. "आपापले सण, आपापली चव" असा मेळावा होता. प्रत्येक कुटुंबाला सभागृहात एक टेबल मिळणार. त्यावर घरचा पदार्थ ठेवायचा, आपल्या सणाची गोष्ट सांगायची. ज्यांचं टेबल नसेल त्या मुलांनी पाहुण्यांना पाणी वाटायचं.

"मी मागच्या वर्षीही पाणीच वाटलं," भिंगरी म्हणाली. "या वर्षी मी टेबल घेणार."

तिने कागद एकटीने भरला. सणाचे नाव: शिळा सण. तारीख: दुसऱ्या दिवशी. पदार्थ: खरवड. वेशभूषा: बनियन. गाणे: आजोबा घोरतात.

तीन दिवसांनी कागद परत आला. खाली लाल शाईत लिहिलं होतं: शिळे अन्न शाळेत आणता येणार नाही. निश्चित तारीख लिहावी. मस्करी करू नये.

भिंगरी रडली नाही. रडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "मी मस्करी केली नव्हती." आणि दप्तरातून पाण्याच्या पेल्यांची यादी काढून बसली.

काका दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले. मेळाव्याचं काम बघणाऱ्या बाई तरुण होत्या. टेबलावर तपासायच्या वह्यांचा ढीग, ढिगावर अर्धा खाल्लेला पाव, पावावर पेन.

"बाई, हा आमच्या घरचा खराखुरा सण आहे," काका म्हणाले.

"असेल हो काका. पण कुठल्या लोकांचा?"

"आमचाच. आधी तिघांचा होता, आता पाच झालोत."

बाईंनी हसू दाबलं. "बरं. पण शिळं कसं चालेल? दोनशे मुलं खाणार. एखाद्याचं पोट बिघडलं तर मुख्याध्यापक माझी खरवड काढतील."

"मग त्याच दिवशी सकाळी केलेली चालेल?"

"ताजी असेल तर चालेल. आणि तारखेच्या जागी काहीतरी लिहा, नाहीतर कागद पुढे सरकत नाही."

काकांनी मेळाव्याचीच तारीख लिहिली आणि घरी आले. "ताजी शिळी खरवड पाहिजे म्हणे," त्यांनी काकूंना सांगितलं.

"मग करा की. एवढी गावंच्या गावं जेवू घातलीत."

इथून खरी कटकट सुरू झाली. एक्केचाळीस वर्षांत काकांनी खरवड कधी केली नव्हती. ती लागायची. दोनशे पानांचा भात मंद आचेवर दोन तास बसला, जाड बुडाच्या पातेल्यात आपल्याच वजनाने दबला, की तळाशी ती आपोआप धरायची. काकांनी घरच्या छोट्या पातेल्यात दूध, तांदूळ, साखर घातली आणि वाट पाहिली. पहिल्या दिवशी भात झाला, खरवड झाली नाही. दुसऱ्या दिवशी कोळसा झाला. तिसऱ्या दिवशी वरचा भात कच्चा आणि खालचा कोळसा, असं दोन्ही एकाच पातेल्यात साधलं.

"हे जमायलाही कला लागते," काकू म्हणाल्या आणि खिडक्या उघडल्या.

चौथ्या दिवशी दारात औषधवाले उभे राहिले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक. त्यांचा मुलगा भिंगरीच्या वर्गात. ते घसा साफ करत म्हणाले, "काका, एक विनंती होती. आमच्या टेबलावर दुधातला गोड भात लिहिलाय. माझी आई करायची. आता आई नाही, आणि बायकोने परवा केला तर मुलाने विचारलं, हे भिंतीला लावायचं का?"

"आई कसा करायची?"

"ते कुठे माहीत आहे? पिवळसर असायचा. आणि खाल्ल्यावर झोप यायची."

झोप आणणारा पिवळसर भात. एवढ्या माहितीवर काकांनी आजवर मोठमोठ्या पंगती उठवल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "किती पानं?"

झालं. गल्लीत बातमी फुटायला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाई आल्या, भरलेल्या पावांसाठी. मग दातांच्या डॉक्टरीण बाई, आजोळच्या आंबट सुपासाठी. बसचालक सुक्या मेव्याच्या वडीसाठी आला आणि जाताना म्हणाला, "काका, आमच्या घरच्याच भांड्यात द्या हं. म्हणजे बरं दिसतं." मेळाव्याचा शनिवार जवळ येईपर्यंत चौदातल्या अकरा टेबलांचे पदार्थ काकांच्या अंगावर होते. प्रत्येक जण दार लोटून घेऊन हळू आवाजात बोलायचा, जणू चोरीचा माल ठरवतोय.

काकांना राग येत होता. लोकांचा येत होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा. आपले सण करायला यांना वेळ नाही, आठवण नाही, हात नाही. आणि माझ्या घरच्या सणाला कागदावर जागा नाही. हे ते मनात दहादा घोळवायचे. पुढचा माणूस आला की म्हणायचे, "बसा. काय काय घालायची तुमची आई?"

"नाही हा शब्द तुमच्या तोंडात बसतच नाही," काकू म्हणाल्या. "कवळी बसली, तो बसला नाही."

"अगं, पण ऐक. औषधवाल्याच्या भातासाठी मोठं पातेलं काढावं लागणार. दोनशे पानांचा भात. मग तळाशी काय लागेल?"

काकूंनी हातातली चाळणी खाली ठेवली. "खरवड."

"त्याच दिवशीची. ताजी. बाईंच्या नियमात बसणारी."

म्हणजे सगळं जुळलं होतं. भात औषधवाल्यांचा, खरवड भिंगरीची. भिंगरीने पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरांत 'शिळा सण' लिहिलं, वर पातेल्याचं चित्र काढलं, आणि पातेल्यात काळ्या पेन्सिलीने वडील लहान असताना झोपलेले दाखवले. "तो पातेल्यात नव्हता झोपत, दारात झोपायचा," काका म्हणाले. "दार काढता येत नाही मला," ती म्हणाली.

शनिवारी उजाडताच परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काकांनी दोन वर्षांनी मोठी शेगडी पेटवली. गुडघे कुरकुरत होते, पण हात विसरले नव्हते. सूप इकडे, पाव तिकडे, वड्या परातीत थापलेल्या, आणि मधोमध तो भात, रटरटत, जाडजूड, स्वतःच्या मर्जीने शिजणारा. साडेनऊला औषधवाले घरची दोन पातेली घेऊन आले. काकांनी भात काढून दिला आणि वाकून तळाशी पाहिलं. काठापासून काठापर्यंत खरवड धरली होती. एकसारखी. सोनेरी. कुठे काळा डाग नाही. एवढी देखणी खरवड त्यांना नोकरीतही कधी लागली नव्हती.

"अगं, बघायला ये," त्यांनी हाक मारली.

काकू यायच्या आत बसचालक आला. वड्या कशा रचायच्या, भांडं सरळ कसं धरायचं, हे त्याला समजावून काकांनी वाटेला लावलं. मागे वळले. समोर रिकामं पातेलं होतं. शेजारी पाण्याची बादली होती. आणि एक्केचाळीस वर्षांच्या त्या हातांनी बादली उचलून पातेल्यात ओतली.

भांडं रिकामं झालं की लगेच पाणी ओतायचं, नाहीतर घासताना जीव जातो. हा त्यांचा पहिला धडा होता, आणि हाताखालच्या प्रत्येक माणसाला त्यांनी तो ओरडून शिकवला होता. त्यांना मात्र कुणी अडवणारं नव्हतं. चर्र आवाज झाला. वाफेचा लोट उठला. खरवड क्षणभर तशीच दिसली, मग कडेने सुटून, मऊ होऊन, करड्या पाण्यावर तरंगायला लागली.

काकू दारात आल्या. त्यांनी पातेल्यात पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. टोमणा मारायला इतकी चांगली संधी त्यांना कधी मिळाली नव्हती, आणि त्यांनी तो मारला नाही. त्यामुळे काकांना जास्तच लागलं.

"आता तिला काय सांगू?" काका स्टुलावर बसले.

"जे झालं ते सांगा. सून कामावर आहे, मुलगा रस्त्यावर आहे. तुम्हालाच जावं लागेल."

भिंगरी शाळेत आधीच पोचली होती. तिने टेबलावर पांढरी चादर अंथरली होती, पुठ्ठा उभा केला होता आणि बशा मांडून ठेवल्या होत्या. काका रिकाम्या हातांनी येताना तिला दिसले. त्यांनी सांगितलं.

"तुम्हीच ओतलंत?"

"मीच."

"सगळ्यांचं नीट झालं आणि आपलंच?"

काका लांब भिंतीकडे जाऊन उभे राहिले.

अकरा वाजता दारं उघडली आणि गर्दी आत लोटली. आता काका पहिल्यांदाच समारंभ समोरून पाहत होते, आणि त्यांना तो बघवत नव्हता. शिंपीणबाई सांगत होत्या, "आमच्याकडे पीठ पहाटेच भिजवतात." डॉक्टरीण बाई म्हणत होत्या, "आंबटपणाचं गुपित मी कुणाला सांगत नाही." ते खरं होतं, कारण त्यांना ते माहीतच नव्हतं. मुलं बोटं चाटत होती. औषधवाल्यांच्या टेबलासमोर सगळ्यात मोठी रांग होती. काकांना कौतुक नको होतं. त्यांची नजर भलतीकडेच अडकली होती.

प्रत्येक टेबलावर शाळेने विजेची शेगडी दिली होती, पदार्थ गरम राहावा म्हणून. आणि या शहाण्या मंडळींनी सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून ठेवली होती. कुणी ढवळत नव्हतं. औषधवाले आईच्या आठवणी सांगण्यात दंग, आणि मागे भात खाली धरत होता. काकांना इतक्या लांबून वास येत होता. ढवळा, अहो ढवळा, खाली लागतंय. हे शब्द ओठांवर येऊन परत जात होते, कारण बोलले असते तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुम्हाला हो कसं माहीत? ते मुठी आवळत राहिले. माझ्या हातचा पदार्थ माझ्या डोळ्यांदेखत जाळताहेत, आणि मी पाहुणा.

तासाभराने औषधवाल्यांचं पहिलं पातेलं संपलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि ओशाळून इकडेतिकडे बघितलं. तळ पुरता लागलेला होता. तेवढ्यात बाई लांबूनच म्हणाल्या, "ते रिकामं टेबल आहे ना, त्याच्यावर ठेवा. कुणाचं नाहीये ते."

पातेलं भिंगरीच्या पांढऱ्या चादरीवर आलं. पाठोपाठ शिंपीणबाईंचं गोड सारणाचं भांडं. मग एकामागून एक. पुठ्ठा मागे सरकला, मग आडवा पडला. भिंगरीच्या टेबलाची मोरी झाली.

भिंगरी खुर्चीवरून उठली. आता ही रडणार, असं काकांना वाटलं. तिने पुठ्ठा उचलून भांड्यांना टेकवून उभा केला. औषधवाल्यांचं पातेलं स्वतःकडे ओढलं, चमचा घेतला आणि ओठ घट्ट मिटून तळ खरवडायला लागली. कर्र, कर्र. रागाने. असा आवाज की जवळपासची माणसं बोलायची थांबली.

"काय करतेस?" रांगेतल्या एका मुलीने विचारलं.

"आमचा सण आहे," भिंगरी म्हणाली. "तुमचं सगळ्यांचं झालं की आमचं असतं. हे घे. कडेचं चांगलं असतं."

त्या मुलीने खाल्लं. थोडा वेळ नुसतीच चावत राहिली. मग मागे वळून म्हणाली, "अरे, इकडे या."

बाई लगबगीने आल्या. "अगं, ठेव ते. उष्टं आहे, जळकं आहे, मुलांना काय देतेस?"

"नाही," काका म्हणाले.

त्यांच्या आवाजाचं त्यांनाच नवल वाटलं. पण शब्द निघाला होता, आणि आता तो मागे घेण्यासारखा नव्हता. "नाही, बाई. ते उष्टं नाही, पातेल्यातलं आहे. जळकंही नाही, लागलेलं आहे. त्यात फरक असतो. आणि आज सकाळीच शिजलंय, तेव्हा तुमच्या नियमातही बसतं. हे टेबल माझ्या नातीचं आहे. तिला तिचं काम करू द्या."

बाईंनी पातेल्याकडे पाहिलं, पुठ्ठ्याकडे पाहिलं. मग बशीतला एक तुकडा उचलून तोंडात टाकला, आणि बाजूच्या मुलाच्या हातातली पाण्याची सुरई घेऊन स्वतःच पेले भरायला लागल्या.

काका टेबलापाशी गेले, पण कौतुक करायला नाही. त्यांना ते खरवडणं सहन होत नव्हतं. "चमच्याने नाही गं. भुगा करतेस सगळा. उलथणं आण. तिरकं धर. कडेपासून सुरुवात कर, मग मधलं आपोआप सुटतं. अशी."

"आजोबा, तुम्ही काढा. मी वाटते आणि सांगते."

ती सांगत होती ते निम्मं चूक होतं. तिच्या गोष्टीत वडील खरोखर पातेल्यात झोपत होते, आणि आजोबांनी एकदा राजाला जेवायला घातलं होतं. काकांनी दोनदा तोंड उघडलं. मुलं इतकी मन लावून ऐकत होती की त्यांनी ते दोन्ही वेळा मिटलं.

औषधवाले शेजारी येऊन उभे राहिले. हातात खरवडीचा तुकडा होता, खाल्लेला नव्हता. "आई आम्हाला हेच द्यायची," ते हळूच म्हणाले. "शेवटी. विसरूनच गेलो होतो. काका, भात कुणी केला ते सांगून टाकू का सगळ्यांना?"

"आता नको," काका म्हणाले. "आता मला वेळ नाही."

खरंच नव्हता. समोर साठेक मुलं होती, आणि पातेल्यात उरली होती जेमतेम वीस जणांची खरवड. एक्केचाळीस वर्षांत त्यांच्याकडे कधी काही कमी पडलं नव्हतं. कपाळाला घाम आला. तुकडे बारीक केले तरी भागणार नव्हतं. भिंगरी रांगेच्या शेवटाकडे बघत होती, मग त्यांच्याकडे.

तिकडे औषधवाल्यांच्या टेबलावर दुसरं पातेलं अजून शेगडीवर होतं, अर्धं भरलेलं. इतक्या उशिराने का होईना, त्यांच्या बायकोला शुद्ध आली. तिने डाव उचलला आणि आत घालायला हात पुढे केला.

"अहो वहिनी," काका सभागृहाच्या या टोकावरून म्हणाले, "ढवळू नका. लागू दे."